'नाना' लागलेली फाईल आणि पोवई नाक्यावरचे सुभेदार साहेब

माझ्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे फौजेतून घरी पाठवताना होणाऱ्या डॉक्टरी तपासणीच्या, कागदावर २०१६ साली 'नाना' लागला. नाना म्हणजे कुणाचे काका नव्हेत. 'नायदर ॲट्रिब्युटेबल टू नॉर ॲग्रवेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस' या लांबलचक वाक्याचं आम्ही फौजी लोकांनी घातलेलं हे बारसं. आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही, असा त्याचा अर्थ. कागदावर आजार होता प्रायमरी हायपरटेन्शन, टक्केवारी ३०, मुदत 'फॉर लाइफ', आणि त्याच्यापुढे नाना. म्हणजे बीपी आहे हे सरकारला मान्य, जन्मभर राहणार हेही मान्य, फक्त ते तुमचं तुम्ही सांभाळा.

ज्यांच्यामुळे ही फाईल परत उभी राहिली त्यांच्याबद्दल हे लिहितोय. सातारला पोवई नाक्याच्या पुढे एका झेरॉक्सच्या दुकानावर दहा बाय बाराची खोली आहे. तिथे एक निवृत्त सुभेदार बसतात. नोकरीभर क्लर्क होते, त्यातली बरीच वर्षं डॉक्युमेंटेशन आणि पेन्शनच्या टेबलावर गेली. नाव-नंबर कुठे टाकू नकोस अशी तंबी दिल्यामुळे टाकत नाही. बोर्ड नाही, पाटी नाही. मंगळवार आणि गुरुवार, दहा ते दोन. नाक्यावर कुणाही माजी सैनिकाला "पेन्शनवाले सुभेदार" म्हणून विचारा, जिना दाखवील.

आधी माझा गाढवपणा सांगतो, म्हणजे त्यांचं काम काय आहे ते कळेल.

मी १९९२ ला भरती झालो, पल्टनीत एमटीत होतो, म्हणजे गाड्यांवर. २४ वर्षं करून हवालदार म्हणून ३१ जुलै २०१६ ला घरी आलो. सर्व्हिस पेन्शन व्यवस्थित सुरू झाली. नोव्हेंबरात पत्र आलं की डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे आजाराबद्दल पेन्शनवर मिळणारी जादा रक्कम, नामंजूर, सहा महिन्यांत पहिलं अपील करता येईल. मी केलं. रात्री जेवण झाल्यावर वहीचं पान घेऊन बसलो आणि लिहिलं, की मी देशाची २४ वर्षं इमाने इतबारे सेवा केली, ऑपरेशन विजयमध्ये होतो, अमुक अमुक मेडल आहेत, दोन मुलं शिकतायत, आई म्हातारी आहे, तरी साहेबांनी सहानुभूतीने विचार करावा. पुतण्याने त्याचं इंग्रजी केलं, तेही चांगलं केलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर आलं. तीन ओळींचं. आजाराची सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, झाली, फील्ड सर्व्हिसशी संबंध दिसत नाही, सबब नामंजूर.

मग मी गप्प बसलो. तीन वर्षं. फाईल ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर.

मधल्या काळात एक गडी भेटला होता, ईसीएचएसच्या म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याबाहेर. गळ्यात ओळखपत्र, मोबाईलवर निकालांचे फोटो. म्हणाला, "हवालदार साब, एक रुपया देऊ नका, जे एरिअर्स येतील त्यातले पंचवीस टक्के आमचे, वकील आमचा." मला तर हे बरंच वाटलं होतं. सही करणार होतो. बायको म्हणाली, बघू पुढच्या महिन्यात. तो पुढचा महिना कधी आला नाही. पुढे सुभेदार साहेबांना हे सांगितलं तर ते उसळले. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांतच बसत नाही. जो टक्के मागतो तो एक तर वकील नाही, नाहीतर वकील असून नियम मोडतोय. दोन्हीकडून तुझाच बकरा.

२०२१ च्या दिवाळीआधी आमच्या गावच्या एका नायकाने मला ओढत त्या जिन्यावरून वर नेलं.

खोलीत एक लोखंडी टेबल, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला एक बाक, आणि कपाटावर कापडात बांधलेले गठ्ठे. मी मोठ्या आदबीने नामंजुरीचं पत्र पुढे केलं. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"बोर्ड कुठाय?"

"साहेब, हे लेटर..."

"लेटर नको. बोर्ड. एएफएमएसएफ सोळा. तुझी कॅटेगरी पहिल्यांदा डाऊन झाली तो बोर्ड कुठाय? पंधरा नंबरचा?"

सोळा नंबर म्हणजे रिलीज बोर्डाचा फॉर्म, पंधरा म्हणजे आजारामुळे मेडिकल कॅटेगरी खाली आणणाऱ्या बोर्डाचा. माझ्याकडे दोन्ही नव्हते. घरी येताना मिळालेलं डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि त्या दोन नकारांची पत्रं, एवढीच माझी इस्टेट. मग त्यांनी माझं पहिलं अपील वाचलं. चष्म्यावरून बघत विचारलं, "यात बीपी कुठं आहे?"

खरंच नव्हतं. दीड पानात मेडल होती, आई होती, मुलांची फी होती, बीपी हा शब्द एकदा आला होता तोही पत्राच्या विषयात. कमिटीपुढे प्रश्न एकच होता, की हा आजार नोकरीने आला किंवा वाढला का. मी त्या प्रश्नाला सोडून बाकी सगळ्याला उत्तर दिलं होतं.

त्या दिवशी त्यांनी दुसरं काहीच केलं नाही. एक कागद दिला, त्यावर काय काय मागवायचं ते लिहिलेलं. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणि माहिती अधिकाराचा अर्ज, आपापल्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांनी बेळगावला, तोफखान्याने नाशिक रोडला, सिग्नलवाल्यांनी जबलपूरला, ज्याचं त्याने बघायचं. मागायचं काय, तर भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, कॅटेगरी लावली तो पहिला बोर्ड, नंतरचे कॅटेगरी पुन्हा ठरवणारे सगळे री-कॅट बोर्ड, रिलीज बोर्ड, प्रत्येक बोर्डासोबतचं स्पेशालिस्टचं मत, आणि पोस्टिंगचा तक्ता, कुठे किती दिवस, फील्ड की पीस. "मला माझी सगळी कागदपत्रं द्या" असं मोघम लिहायचं नाही, प्रत्येक कागद वेगळ्या नंबरने मागायचा. गुडघा-कंबर मोडलेल्याने शिवाय इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी मागायची.

२६ व्या दिवशी उत्तर आलं. ४१ पानं, पानाला दोन रुपये, ८२ रुपये भरा. भरले. गठ्ठा आला. पुढच्या मंगळवारी तो घेऊन गेलो, आणि तिथे जे झालं ते मी आजवर शंभर वेळा लोकांना सांगितलं असेल.

साहेबांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, उलटं केलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने एक आडवी रेघ मारली. रेघेवर वर्षं. पोस्टिंगचा तक्ता बघत बघत फील्डचा काळ लाल पेन्सिलीने, पीसचा निळ्याने रंगवला, शाळेतल्या पोरासारखा. माझी लाल पट्टी बरीच लांब होती. शेवटची लाल पट्टी २००८ ते नोव्हेंबर २०१०, लडाखकडची. तिथे मी कॉन्व्हॉयला गाडी चालवायचो. मग निळं. मग त्यांनी रिलीज बोर्डाचं पान घेतलं. 'ओरिजिन' या रकान्यात फेब्रुवारी २०११ आणि एका पीस स्टेशनचं नाव. शेजारी शेरा, की सुरुवात पीसमध्ये, सबब जीएमओ २००८ च्या सहाव्या प्रकरणातल्या परिच्छेद ४३ प्रमाणे नाना.

"वाच," म्हणाले. मी वाचलं. "कळलं?" नाही कळलं.

जीएमओ म्हणजे लष्करी डॉक्टरांसाठीची मार्गदर्शिका, कोणता आजार कधी नोकरीशी जोडायचा हे सांगणारी. त्यातला ४३ वा परिच्छेद बीपीचा. त्याचं म्हणणं असं, की फील्डमध्ये, हाय अल्टिट्यूडला, दहशतवादविरोधी इलाक्यात किंवा जहाजावर लांब मुदतीत असताना बीपी झालं तर नोकरीने वाढलं असं धरता येतं. म्हणजे सगळी गंमत त्या एका रकान्यात. बीपी मोजलं कुठे, यावर ते सुरू कुठे झालं हे ठरतं. आणि सैनिकाचं बीपी मोजतात कधी? वर असताना डोकं दुखलं तर गोळी घेऊन परत गाडीवर. खाली पीसमध्ये आल्यावर सालाना मेडिकल होतं, तेव्हा पारा लावतात. त्या हिशेबाने आमच्या निम्म्या पल्टनीला बीपी पीसमध्येच झालं.

मग त्यांनी गठ्ठ्यातून २०११ चा पंधरा नंबरचा बोर्ड शोधला, आणि त्याला टाचलेलं स्पेशालिस्टचं एक पान. डॉक्टरी अक्षर, झेरॉक्सची झेरॉक्स. तारीख १४ फेब्रुवारी २०११. त्यांनी भिंग काढलं. दुसऱ्या ओळीत मेडिकल स्पेशालिस्टने लिहिलं होतं, की पेशंटला आठ महिन्यांपासून डोकेदुखीची तक्रार आहे.

साहेब बोटांवर मोजायला लागले. "जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै, जून." आठवं बोट जूनवर. कॅलेंडरच्या मागच्या रेघेवर जून २०१० वर टिंब दिलं. टिंब लाल पट्टीत पडलं, तिच्या शेवटाच्या पाच महिने आधी.

मला त्या डॉक्टरांचा चेहरासुद्धा आठवत नाही. त्यांनी विचारलं असणार, कधीपासून दुखतंय, मी सांगितलं असणार, त्यांनी लिहून घेतलं. ती ओळ दहा वर्षं माझ्याच कागदांत पडून होती. रिलीज बोर्डाने वर 'ओरिजिन'मध्ये फेब्रुवारी टाकला आणि खालची ओळ वाचायची राहिली. पहिल्या अपिलाच्या कमिटीने रिलीज बोर्ड वाचला. मी तर काहीच वाचलं नव्हतं.

साहेबांची पद्धत ही एवढीच आहे. नकाराचं एक वाक्य घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्यापुढे सरकारचाच एक कागद ठेवायचा. आपलं म्हणणं असं काही लिहायचंच नाही. माझं दुसरं अपील अडीच पानांचं झालं, त्यात एकही मेडल नव्हतं. पहिला परिच्छेद: बोर्ड म्हणतो सुरुवात फेब्रुवारी २०११, पीस. दुसरा: बोर्डाचाच स्पेशालिस्ट म्हणतो आठ महिने आधी, जोडपत्र तीन, पान १७, दुसरी ओळ. तिसरा: त्या तारखेला अर्जदार कुठे होता, जोडपत्र पाच, पोस्टिंगचा तक्ता. चौथा: परिच्छेद ४३ असं सांगतो. पाचवा: भरतीच्या तपासणीत बीपी नॉर्मल, जोडपत्र एक. सहावा: घरात कुणाला बीपी असल्याची नोंद कुठल्याही बोर्डात नाही. सातवा: बोर्डाने नाना लिहिताना 'पीस' सोडून दुसरं कारण दिलेलं नाही.

कायद्याचं ते शेवटी आणि थोडक्यात घालतात. मला त्यांनी समजावलं ते असं. १९८२ चे जे एन्टायटलमेंट रूल्स आहेत त्यांत भरतीच्या वेळी कागदावर खोट नसेल तर माणूस धडधाकट होता असं गृहीत धरलं आहे, आणि सिद्ध करायचं ओझं सैनिकावर नाही, वाजवी शंकेचा फायदा त्याला, फील्डवाल्याला तर अजून सढळ हाताने. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये हेच उचलून धरलं. सिग्नलचा शिपाई, फिट्स यायच्या म्हणून १९९४ ला २० टक्क्यांवर घरी पाठवलेला. बोर्डाने कारणच लिहिलं नव्हतं, आणि कोर्टाने ते चालवून घेतलं नाही. हा निकाल सगळेच वकील लावतात. पण २००८ पासून घरी आलेल्यांना २००८ चे नियम लागतात आणि त्यांत भरतीची तपासणी काही परिपूर्ण नसते असं लिहून ठेवलेलं आहे. शिवाय निवृत्तीनंतर १५ वर्षं उलटून दावा केला तर सिद्ध करायचं ओझं सैनिकावर येतं. म्हणून नुसतं "भरतीला मी ठणठणीत होतो" यावर रेलून बसायचं नाही, आजाराचा आणि नोकरीचा धागा कागदावर दाखवायचा. २१ सप्टेंबर २०२३ नंतर घरी आलेल्यांना तर आणखी नवे नियम आहेत, तिथे डिसॅबिलिटी एलिमेंटचं नावही बदलून इम्पेअरमेंट रिलीफ झालंय. तुमची निवृत्तीची तारीख सांगितल्याशिवाय साहेब नियमांबद्दल तोंड उघडत नाहीत, आणि मोबाईलवर फिरणारा दुसऱ्या कुणाचा निकाल दाखवला तर पहिल्यांदा त्यातली तारीख विचारतात.

बाकावर बसून मी दुसऱ्यांच्या केसेसही बऱ्याच ऐकल्या, कारण तिथे नंबर लागायला दोन-दोन तास जातात. एक तरणा नायक आला होता, पायात रॉड. सुट्टीत मोटारसायकलवरून पडला होता. साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "घरी येताना पडलास का घरी आल्यावर?" तो म्हणाला, घरी आल्यावर, जत्रेला निघालो होतो. साहेबांनी फाईल मिटली आणि परत त्याच्या हातात दिली. ड्यूटीच्या ठिकाणाहून सुट्टीच्या गावी सरकारी खर्चाने येण्या-जाण्याचा प्रवास नियमांत ड्यूटी धरतात. पोहोचल्यानंतर जत्रेला जाताना पडलेल्याचा नोकरीशी संबंध दाखवावा लागतो, आणि सुप्रीम कोर्टाने तसा संबंध नसलेल्या केसेस फेटाळल्या आहेत. "तुझे पैसे मी घेणार नाही. वकील घेईल. तू देऊ नको." पोराचं तोंड एवढंसं झालं. मला त्याचं वाईट वाटलं, पण त्या दवाखान्याबाहेरच्या गड्याने त्याला नक्की सही करायला लावली असती.

एक बाई यायच्या, खटाव तालुक्यातल्या. नवऱ्याला मानसिक आजारावरून सात वर्षांत घरी पाठवलेलं. त्यांची फाईल साहेबांनी घेतली, पण पहिल्याच दिवशी सांगितलं, "वहिनी, या आजारात कोर्टाचे निकाल दोन्हीकडचे आहेत. मिळेलच असं मी म्हणणार नाही." त्यांच्याशी बोलताना आवाज एकदम खाली. आमच्याशी बोलताना तसा कधी आला नाही.

आता माझ्या केसचं पुढे. दुसरं अपील डिसेंबर २०२१ मध्ये गेलं. ते मुदतीत नव्हतंच, तीन वर्षं उशीर, त्याचं कारण वेगळ्या कागदावर खरं खरं लिहिलं. सहा महिने उत्तर नाही. सहा महिन्यांत अपिलावर निर्णय झाला नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचा, म्हणजे फौजेच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाचा, दरवाजा उघडतो, २००७ च्या कायद्यातच तसं आहे. आपल्याला मुंबईचं खंडपीठ. साहेब वकील नाहीत, ते कोर्टात उभे राहत नाहीत, कुठल्या वकिलाकडे जा हेही सांगत नाहीत. फाईल बांधून देतात. मी वकील माझा केला, ठरलेली फी, टप्प्याटप्प्याने. वकील फाईल चाळून म्हणाले, "हे कुणी केलं? मला फक्त टायपिंग उरलंय." ऑगस्ट २०२२ मध्ये अर्ज दाखल झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल. नोकरीने वाढला असं धरून ३० टक्के मंजूर, ते ५० ला राउंड करून.

हे राउंडिंग बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. ५० च्या खालचं ५० धरतात, ५० ते ७५ चं ७५, त्याच्या वरचं १००. आधी हे बोर्ड आऊट झालेल्यांनाच, म्हणजे आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच द्यायचे. डिसेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या राम अवतार निकालाने मुदत पूर्ण करून कमी मेडिकल कॅटेगरीत घरी आलेल्यांनाही ते मिळालं. १०० टक्क्याला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, खाली त्या प्रमाणात. हिशेबाला सोपा म्हणून ४० हजार पगार धरा. ३० टक्क्यांनी महिना ३,६०० होतात, ५० ने ६,०००. वर महागाई भत्ता.

आणि माझा गाढवपणा किती रुपयांचा, तेही याच हिशेबात. पेन्शनचा हक्क महिन्यागणिक नव्याने उभा राहतो म्हणून उशिरा गेलं तरी दार बंद होत नाही, पण मागची थकबाकी अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. तरसेम सिंग, २००८, सुप्रीम कोर्ट. माझी थकबाकी ऑगस्ट २०१९ पासून धरली. निवृत्तीपासूनचे ३६ महिने पाण्यात. सहा हजारांनी दोन लाख सोळा हजार, महागाई वेगळी. साहेबांनी हे मला कॅलेंडर उलटं केलं त्याच दिवशी सांगितलं होतं, निकालानंतर नव्हे. "ट्रंकेत ठेवलीस ना तीन वर्षं? मोज."

आता तक्रारी. आहेत, आणि लहान नाहीत.

पहिली, फोन. उचलत नाहीत. मेसेज बघत नाहीत. मी पुसेगावकडून येतो, तीनदा जिना चढून कुलूप बघून गेलो. लग्नसराईत कुठल्या तरी लग्नाला गेलेले असायचे. दारावर कागद चिकटवायला काय जातं?

दुसरी, चूक. माझ्या अर्जाच्या जोडपत्रांवर त्यांनी हाताने आर्मी नंबर लिहिला, आणि शेवटचं अक्षर चुकवलं. फौजी माणसाला सांगायला नको, नंबरामागचं ते अक्षर चुकलं की नंबरच चुकला. रजिस्ट्रीने त्रुटी काढली, सगळी जोडपत्रं परत बदलायला तीन आठवडे गेले. विचारलं तर म्हणाले, "तू तपासून सही केलीस ना?" केली होती. तरी राग आहे.

तिसरी, पैसे. फी दीड हजार घेतली, ती एवढ्या कामाला काहीच नाही. पण झेरॉक्सचा हिशेब कधी नीट दिला नाही. खाली दुकानात चार प्रती, परत चार, परत पान बदललं म्हणून चार. माझे नऊशेच्या वर फक्त झेरॉक्सला गेले. पावती मागितली तर अपमान केल्यासारखं बघतात.

चौथी, तोंड. चिडतात. फौजेत चाललं, आता आमच्या बरोबर बायका-पोरं येतात. माझ्या मुलाने, तो बी.कॉम.ला आहे, सुचवलं की हे सगळं स्कॅन करून मोबाईलवर ठेवू, पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर तसंही सगळं ऑनलाइनच आहे. तर त्याला म्हणाले, "तू बापाचा पहिला अर्ज इंग्रजीत करणारा का?" तो नव्हता, तो पुतण्या. पण पोरगं परत आलं नाही.

कुणी जावं? ज्याच्या हातात नकार आहे आणि तो नकार का आला हे ज्याला माहीत नाही, त्याने. ज्याला फक्त हयातीचा दाखला किंवा पीपीओतलं बायकोचं नाव दुरुस्त करायचं आहे त्याने तिथे दोन तास घालवू नयेत, ते काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होतं. पैशाची अगदीच ओढ असेल तर वकिलाच्या फीसाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. जुलै २०२५ पासून नाल्साने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, सैनिक बोर्डांत कायदेशीर मदतीची केंद्रं त्याखाली येतात. आणि जाताना नामंजुरीचं पत्र एकटं नेऊ नका. आधी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, मग जिना. बिन-बोर्डाचा गेलात तर माझ्यासारखं हात हलवत परत याल.

चार तारे देतो. पाचवा त्या चुकलेल्या अक्षरासाठी आणि माझ्या पोराला बोलले त्यासाठी कापला.

निकालाची अंमलबजावणी व्हायलाही वेळ लागला. तसा वेगळा अर्ज टाकल्यावर कागद हलले. गेल्या महिन्यात सुधारित पीपीओ आला. उघडून बघतो तर ३० टक्के. निकालात ५० लिहिलंय, पीपीओत राउंडिंग गायब. बायकोला दाखवलं, ती म्हणाली, ट्रंकेत नाही ठेवायचा. गुरुवारी जातोय. निकालाची प्रत, पीपीओ, आणि दोन्हींवर लाल पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे. एक पंचिंग मशीनही घेतलंय बरोबर, त्यांचं दिवाळीपासून मोडलेलं आहे.